न्हाणीमागचा भूतबंगला

“भुतांची काय कमी हाय का या घरात, म्हनून आनखी बांधाय लागलीस?” सासूबाई खालून पुटपुटल्या.

मी स्टुलावर उभी राहून गुरांच्या चाऱ्याचं, मुरघासाच्या पिशवीचं काळं प्लास्टिक पत्र्याच्या अँगलला सुतळीनं बांधत होते. स्टूल त्यांनीच धरलं होतं, त्यामुळे ऐकून घेणं भाग होतं.

माझी लेक सृष्टी कोपरगावच्या इंग्रजी शाळेत सातवीला आहे. तिच्या दोन मैत्रिणींना, रुमाना आणि पूजाला, आमचं शेतातलं घर बघायचं होतं. सृष्टी वर्षभर टाळत होती. कारण एकच. आमच्याकडे संडास आहे, पण नाही.

म्हणजे न्हाणीमागं खोली आहे, लोखंडी दार आहे, आत पांढरं भांडं आहे. फक्त मागं खड्डा नाही. खोली झाली तेव्हा ग्रामपंचायतीनं मला दारात उभं करून फोटो काढला, तो अनुदानासाठी वर पाठवला. खड्डा उन्हाळ्यात खणू म्हणालो. असे सहा उन्हाळे गेले. आम्ही आत गोवऱ्या रचल्या. बचत गटात स्वच्छतेवर दोन शब्द बोलायचे असले की अजून मलाच उठवतात. मी उठते आणि बोलते.

शाळेत हॅलोविनचं, भुतं सजवायचं खूळ निघालं तेव्हा युक्ती मलाच सुचली. “बोलव मैत्रिणींना. भूतबंगला तिथंच करू. कुणी संडास विचारलाच, तर म्हणायचं आज भुतानं अडवलाय.”

सृष्टी किती दिवसांनी खळखळून हसली. तेवढ्यासाठी मी आणखी चार खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या.

गोवऱ्या हलवल्या. मक्यातलं बुजगावणं आणून भांड्यावर बसवलं, त्याला माझी जुनी साडी गुंडाळली, डोक्याला कोरलेला डांगर भोपळा. उशीतला कापूस ताणून जाळी केली. दारावर कुंकवाचे हात उठवले.

रविवारी दुपारी पोरी आल्या. त्या आत शिरल्या तसा सृष्टीच्या पप्पांनी मागून पत्रा बडवला आणि सासूबाईंनी असा काही गळा काढला की पूजा एक चप्पल तिथंच टाकून गोठ्यापर्यंत पळाली.

“आजी, तुम्ही बेस्ट आहात!” रुमाना म्हणाली.

“भूत म्हनून व्हय गं?” सासूबाई खूश.

पोहे झाले, दोन-दोन ग्लास सरबत झालं. मग रुमाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काकू, वॉशरूम कुठंय?”

“आज तिथं भूत आहे ना,” सृष्टी पाठ केल्यासारखी म्हणाली.

“मग काढू या त्याला! नंतर परत बसवू. मी करते मदत.” आणि ती निघालीसुद्धा. गुणी पोर. मी “अगं राहू दे, राहू दे” करत तिच्यामागं. तिनं “सॉरी हं” म्हणून बुजगावणं उचललं, साडीसकट भिंतीला टेकवलं, दारावरचं प्लास्टिक बाजूला सारलं. आत ऊन आलं. भांड्यावर कंपनीचा कागद अजून चिकटलेला होता.

“काकू, हे तर कोरं आहे.”

सासूबाईंना एकदम कोंबड्या आठवल्या. सृष्टीचे पप्पा मघाच्या पत्र्याकडेच बघत राहिले. पूजा चप्पल शोधायची थांबली.

“पाणी नाही गं बाळा,” मी म्हटलं. “मोटर बिघडलीय.”

रुमानानं न्हाणीतल्या काठोकाठ भरलेल्या पिंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लगेच नजर खाली केली. “काही हरकत नाही काकू. मला नाही एवढी घाई.” पाय मात्र आवळून उभी होती. बारा वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. माझे कान तापले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

सृष्टीनं चपला घातल्या.

“मोटर चांगली आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे संडास नाहीये, रुमाना. हा नुसता फोटोपुरता आहे. मी आणि मम्मी रोज पहाटे उसात जातो. चल, मी लक्ष ठेवते.”