पळाला

त्याने डाव्या बुटाची नाडी जोरात ओढली आणि ती तुटून हातात आली. शिवी ओठांतच ठेवून त्याने उरलेल्या तुकड्याला कशीबशी गाठ मारली आणि दाराची कडी काढली. आतल्या खोलीत अण्णा जागे व्हायच्या आत जिना गाठायचा, हा त्याचा रोजचा बेत असे. आज नाडीने घात केला.

"पळाला," आतून अण्णांचा आवाज आला. जड जिभेचा, सपाट.

"हो, निघालेत," बायको म्हणाली. "थांबा, आलेच मी."

त्याने दार ओढून घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या टाकत तो खाली उतरला.

हा शब्द त्याला रोज पाठीत बसायचा. एके काळी या घरात या शब्दाला बंदी होती. त्याचे वडील, अण्णा, शाळेत कवायतीचे मास्तर. गळ्यात शिट्टी आणि जिभेवर शिस्त. "पळतो तो चोर, खेळाडू धावतो," असं ते वर्गाला सांगत आणि घरालाही सांगत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सून भोळेपणाने "हे पळायला गेलेत" म्हणाली, तर हातातला चहा थंडगार होईपर्यंत तिला दोन्हीतला फरक ऐकून घ्यावा लागला होता. मुलाला तर त्यांनी शिट्टीवरच वाढवलं. पन्नाशी आली तरी त्याचा सकाळचा नेम चुकला नव्हता, आणि त्याचं श्रेय लोक अण्णांनाच देत.

वर्षाच्या सुरुवातीला अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. जे चार शब्द उरले त्यांत काही संगती नव्हती. 'पाणी' उरलं, 'नको' उरलं, आणि धावणं पार पुसलं जाऊन नेमकं पळणं उरलं. जिभेला चढ-उतार राहिला नव्हता. जे काही बोलत ते दगडावर कोरल्यासारखं निघे. आणि त्यांच्या मुलाला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

कारण तो पळतच होता. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी त्याने अण्णांची ओली चादर पाहिली होती. अण्णांनीही त्याला ती पाहताना पाहिलं होतं. तो तसाच बाहेर आला आणि त्याने बूट चढवले. तेव्हापासून त्याचं धावणं लांबत गेलं. तो परते तेव्हा चादर बदललेली असे, अंग पुसलेलं असे, खोलीत साबणाचा वास असे. बायकोने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिने एकदा कडाडून भांडावं, असं त्याला फार वाटे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "त्यांना सकाळीच चालवा, तेव्हा अंग ताजं असतं. आणि जे परत यायचं ते याच महिन्यांत येतं. नंतर माझ्या हातात फारसं काही नाही." त्याने संध्याकाळ निवडली. कामावरून आला की तो अण्णांच्या कमरेला हात घाली. अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणत, "नको." रोज हेच. महिने सरत चालले होते. अण्णा आता कायमचे खाटेवरच राहणार आणि ते आपल्यामुळे, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. हे तो कुणाशी बोलला नव्हता.

नाडी तुटली त्याच आठवड्यात त्याला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. वजनकाटे तपासायचं त्याचं काम, पायाला कायम भिंगरी. प्रमाण वजनांची पेटी घेऊन गोदामागोदामांतून हिंडायचं, काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून पाहायचं, कुठे खोट निघाली तर ती काढायची. सामानात बूट आधी जात, कपडे नंतर. कुठल्याही गावी गेला तरी पहाटे उठून धावणारा माणूस म्हणून त्याचं ऑफिसात नाव होतं.

पहिल्या सकाळी तो गेस्ट हाउसच्या फाटकाशी आला. पहारेकरी कुलूप काढता काढता हसला.

"एवढ्या लवकर पळायला? कोण लागलंय मागे, साहेब?"

तोही हसला आणि निघाला. रस्ता सुरेख होता, रुंद, मोकळा, दोन्ही बाजूंना झाडं. कोपऱ्यापर्यंत तो धावला आणि त्याचे पाय थांबले. दुखत नव्हते, दमले नव्हते, नुसते थांबले. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. बंद दुकानाच्या पायरीवर तो बसून राहिला. मागे कोणीच लागलेलं नव्हतं. ना चादर, ना भिंतीकडे वळलेली ती मान. मग धावायचं कशासाठी? इतक्या वर्षांच्या नेमाचं हे असं उत्तर हातात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्याने बूट घातलेच नाहीत. बायकोचा फोन आला.

"धावून झालं?"

"झालं. अण्णांना चालवलंस का?" उंटावरून शेळ्या हाकायला त्याला कधी संकोच वाटला नव्हता. आज वाटला.

"बघू या," ती म्हणाली. "तुम्ही जपून या."

काम आवरल्यावर त्याने सकाळची गाडी सोडून रात्रीची बस धरली. बसमध्ये त्याला झोप लागली नाही, पण मन बऱ्याच दिवसांनी हलकं होतं. धावणं बंद. उद्यापासून सकाळी अण्णांची चादर आपण काढायची, अंग आपण पुसायचं, आणि त्यांनी कितीही 'नको' म्हटलं तरी त्यांना उभं आपणच करायचं. अण्णांसमोर काय बोलायचं तेही त्याने जुळवलं. मग ते सगळं नाटकी वाटलं, म्हणून सोडून दिलं.

तो घरी पोचला तेव्हा उजाडत होतं. कुणाची झोपमोड नको म्हणून त्याने आपल्याकडच्या किल्लीने हळूच दार उघडलं.

बैठकीच्या खोलीत अण्णा उभे होते.

डाव्या हातात काठी होती. बायको त्यांच्यापुढे हात पसरून उलटी चालत होती, त्यांना न शिवता. "हं, आता उजवा. ओढा. ओढा त्याला," ती म्हणत होती. अण्णांनी पाय ओढला. कपाळावर घाम होता, ओठ एका बाजूला लोंबला होता, आणि डोळ्यांत त्याने लहानपणी मैदानावर पाहिलेली ती जुनी आग होती. मग त्यांना दारात मुलगा दिसला.

काठी निसटली. बायकोने चपळाईने स्टूल पुढे सरकवलं म्हणून बरं, अण्णा त्यावर कोसळल्यासारखे बसले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अण्णा—" तो पुढे झाला.

"नको!"

"अहो, तुम्ही निघा," बायको मोठ्याने म्हणाली. "धावायचं राहिलंय ना तुमचं? बॅग ठेवा आणि जा." तिने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं आणि दार लोटून घेतलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाले बरेच दिवस. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून 'नको, नको' करत माझा हात घट्ट धरून ठेवला होता त्यांनी. काय करणार मी? रोज डोळे उघडले की पहिलं तेच विचारतात, पळाला? मी हो म्हटलं की मगच पाय खाली सोडतात."

"विचारतात?"

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

त्याने जिन्याचा कठडा धरला.

"तुमच्यापुढे पडायचं नाही त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "मास्तर ना शेवटी. माझ्यापुढे कितीदा पडलेत, त्याचं काही नाही. तुम्ही गावाला गेलात की तर संध्याकाळीसुद्धा चालतात." शेवटचं वाक्य तोंडून गेल्यावर तिने जीभ चावली. "रागावू नका हं."

"मी आज राहायचं ठरवून आलो होतो," तो म्हणाला.

"कळलं मला. पण आज नको." ती आत गेली. कडी लागली.

रस्त्यावर उतरायला त्याला जमेना. तो दाराबाहेरच उभा राहिला. आवाज होऊ नये म्हणून बूटही काढून हातात घेतले. आत बराच वेळ काही नव्हतं. मग काठी वाजली. एक पाऊल पडलं, त्यामागून दुसरं फरशीवरून घासत आलं. तो कान देऊन ऐकत राहिला. काठी वाजत गेली, लांब गेली, आणि एकदम काहीतरी धप्पकन आदळलं. अण्णा ओरडले.

त्याचा हात दारावर गेला. थाप मारायला मूठ उचललेली तशीच राहिली.

"लागलं का? बघू," आतून बायको म्हणत होती. "नाही ना? मग उठा. मी नाही उचलणार. गुडघा टेका आधी. हं, असा."

जन्मभर तो धावला होता, पण कुणासाठी धावून गेला नव्हता. आज सगळं अंग धावून जायला निघालं होतं आणि त्याला दाराच्या या बाजूला नुसतं उभं राहायचं होतं. त्याने मूठ खाली घेतली, भिंतीला कपाळ टेकलं. पलीकडे एक म्हातारा फरशीवरून स्वतःला उचलत होता, कण्हत, थांबत, पुन्हा कण्हत. त्याला वाटलं, हे संपणारच नाही. मग काठी पुन्हा वाजली.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. बायकोचे केस सुटले होते, चेहरा लाल झाला होता.

"खिडकीपर्यंत गेले," ती कुजबुजली. "आता या आत. बूट घाला आधी. आणि जरा धावून दमल्यासारखं करा."

त्याने मान हलवली आणि खाली वाकून बूट घातले. दमल्यासारखं करायची गरज नव्हती. त्याला धाप लागलेलीच होती.