माझ्या समासातला सईस

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे आणि मी रागावलेली आहे. आपल्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर गोड आवाजात, हळूहळू सांगावी, हे मला ठाऊक आहे. तसा प्रयत्न मी करते. मधूनच आवाज चढला, तर मात्र माझ्या वयाकडे पाहून सांभाळून घ्या.

सांडोरच्या बाजूला केळीच्या वाड्यांमध्ये एक चर्च आहे. त्याच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात मी राहते. मी बाप्तिस्म्याची वही. १८८८ साली मुंबईच्या एका कारागिराने माझी पानं शिवली आणि वर चामड्याचं वेष्टण चढवलं. माझा कागद चांगला जाड आहे. आताच्या वह्यांसारखा नखाने फाटणारा नाही. गावात मूल जन्मलं की आठवड्याभरात त्याला चर्चमध्ये आणत, आणि फादर टाक बुडवून माझ्यावर लॅटिन भाषेत लिहीत: मुलाचं नाव, आईबापाचं नाव, गॉडफादर आणि गॉडमदर. शेजारी त्यांनी रुंद समास सोडलेला असे. त्या माणसाचं पुढे लग्न झालं, तो कुठे दूरदेशी गेला, वारला, तर ते त्या समासात यायचं. म्हणजे जन्म ओळीत आणि बाकीचं आयुष्य समासात.

त्या काळी माझा मोठा मान होता. मला उचलण्याआधी लोक हात धुवत. भांडण झालं, वाटणी निघाली की म्हणत, वही बघा, वही खोटं बोलणार नाही. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आता चंदनसारला फ्लॅट घेतलेली मंडळी लग्नाआधी दाखला न्यायला येतात, कुणाला परदेशी जायचं असतं. आपली ओळ सापडली की मोबाईलचा लख्ख प्रकाश माझ्या डोळ्यांत मारतात, खाडकन मिटतात आणि निघतात. एकाने माझ्या फाटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली. ती आता पिवळी पडली आहे आणि माझी तीन अक्षरं तिच्याखाली मेली आहेत. एकाने तर माझ्यावर चहाचा कप ठेवला होता. तो गोल डाग मी आजही अंगावर वागवते.

असो. मला तुम्हांला इनासची गोष्ट सांगायची आहे.

आमच्याकडे रीत अशी की, पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं. गावात इनास मच्याडो नावाचे एक म्हातारे होते. त्यांना दोन मुलगे, जुझे आणि पास्कू. दोघांना पहिला मुलगाच झाला, एकाला १८९१ मध्ये, दुसऱ्याला वर्षभराने. झालं! दोघांनीही मुलाचं नाव इनास ठेवलं. एका घराण्यात दोन इनास मच्याडो, आणि योगायोग असा की जुझेचा इनास माझ्या डाव्या पानावर आणि पास्कूचा इनास समोरच्या उजव्या पानावर. गावात कुणी गोंधळत नसे. 'जुझेचा' आणि 'पास्कूचा' म्हटलं की भागत असे. गोंधळले ते नंतरचे लोक, ज्यांनी माझं एकच पान वाचलं.

पास्कूचा इनास बोटीवर खलाशी झाला. जुझेचा इनास मुंबईला एका तबेल्यात सईस होता. घोड्यांना खरारा करायचा, त्यांना फिरवायचं, त्यांचं दुखलंखुपलं बघायचं. १९१३ साली त्याचं रोजाशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी तो एकदा मुंबईला गेला तो परत आलाच नाही. का गेला, कसा गेला, हे माझ्यावर लिहिलेलं नाही, म्हणून ते मी सांगणार नाही. जे लिहिलेलं नाही ते सांगत सुटण्याची खोड माणसांना असते, मला नाही.

गावाने मात्र लगेच ठरवून टाकलं. रोजाला नवऱ्याने टाकलं. तो कुठेतरी दुसरी बायको करून बसला असणार.

मग १९१८ साली, साथीच्या दिवसांत, सरकारी पत्र आलं. म्हाताऱ्या फादरनी ते इथेच, या टेबलावर उघडलं. त्यात लिहिलं होतं की, इनास मच्याडो, घोडदळाबरोबर गेलेला सईस, मार्च १९१७ मध्ये मेसोपोटेमियात तापाने मरण पावला. बापाचं नाव जुझे. बायकोचं नाव रोजा. फादरनी मला उघडलं, डावं पान काढलं आणि समासात बारीक अक्षरांत तीन ओळी लिहिल्या. त्यांनाही ताप भरला होता. मग त्यांनी चर्चच्या सेवकाला हाक मारली, पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मच्याडोंच्या घरी जा. इनास गेला म्हणून सांग."

सेवकाला इंग्रजी येत नव्हतं. तो रस्त्यावरच्या मोठ्या घरी गेला, पास्कूच्या. तिथेही ते पत्र वाचता येणारं कुणी नव्हतं. त्यांचाही इनास दूर समुद्रावर होता. त्यांनी हंबरडा फोडला. घंटा वाजली, फादरनी अंगात ताप असतानाच 'इनास मच्याडो' एवढंच नाव घेऊन मृतासाठी मिस्सा केली. आणि मित्रांनो, त्या मिस्सेला रोजा आली होती. चुलतदीर गेला म्हणून. मागच्या बाकावर मूल मांडीवर घेऊन ती बसली होती, स्वतःच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करत, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं! त्याच आठवड्यात फादर वारले. खरं माहीत असलेला एकच माणूस होता, तो गेला. मी कपाटात होते. मला तोंड नाही.

पुढच्या वर्षी पास्कूचा इनास पेटी डोक्यावर घेऊन धडधाकट घरी आला. गाव हसून हसून लोळलं. सरकारला मेलेला आणि जिवंत कळत नाही म्हणाले. मग ते पत्र नक्की कुणाचं, एवढा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. समोर रोजा उभी होती तरी पडला नाही. तिने काळे कपडे घातले नाहीत, कारण विधवा म्हणवून घ्यायची तिला परवानगी नव्हती. मुलाचं लग्न ठरल्याच्या जाहीर चिठ्ठ्या चर्चमध्ये तीन रविवार वाचल्या गेल्या. 'इनास मच्याडो, ठावठिकाणा माहीत नाही, यांचा पुत्र' असं फादरनी वाचलं की बाकांवर खसखस पिकायची. तो मुलगा म्हणजे एस्थरचे वडील.

एस्थर आता एकोणऐंशी वर्षांची आहे. शाळेत शिक्षिका होती. तिला लहानपणी 'पळपुट्याची नात' म्हणत.

यंदा गावात पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांचा दगडी फलक बसवायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष रिचर्ड मच्याडो, पास्कूच्या इनासचा नातू. सहा महिन्यांपूर्वी तो घराण्याचा इतिहास शोधायला माझ्याकडे आला होता. उजव्या पानाचा फोटो काढला. डाव्या पानावर त्याचं कोपर होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करते काय? सगळं उत्तर त्याच्या बाहीखाली होतं. पुढे त्याने एक छापील पुस्तिका वाटली. आमचे आजोबा घोडदळातले शूर सवार, मेल्याची चिठ्ठी आली आणि तरीही परत आले! घरात चौकटीत लावलेल्या त्या पत्राचा फोटोही छापला. पत्रात बायकोचं नाव रोजा, आजीचं नाव तर मोनिका. रिचर्डने खाली टीप दिली की सरकारने नाव चुकवलं आहे. बापाचं नावही सरकारनेच चुकवलं. मरणही चुकवलं. सगळं चुकलं, एक रिचर्ड तेवढा बरोबर!

ती पुस्तिका एस्थरने भिंग लावून वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत हजर.

"क्लेमेंट, जुनी वही काढ," ती कारकुनाला म्हणाली.

"बाय, उद्या या ना. रविवारी फलकाचा कार्यक्रम आहे, मला मान वर करायला फुरसत नाही."

"म्हणूनच आज काढ. माझ्या बापूसचं आयुष्य गेलं मान खाली घालून. तू पाच मिनिटं मान वर कर."

क्लेमेंटने मला मुकाट्याने काढलं. एस्थरने पदराने हात पुसले. किती वर्षांनी कुणीतरी हात पुसले! तिने पान उघडलं, आज्याचं नाव शोधलं, आणि तिथे न थांबता नजर समासात नेली. लॅटिन तिला कळेना, पण 'मेसोपोटेमिया' हा शब्द कुठल्याही भाषेत कळतो. आताचे फादर निकोलस आले आणि त्यांनी ओळी वाचून मराठीत सांगितल्या.

एस्थर रडली नाही. ती रागाने लाल झाली.

"फादर, माझा आजा पळाला नव्हता. तो मेला होता. आणि हे इथे लिहिलेलं होतं! इथे! या कपाटात!"

फादरनी रिचर्डला बोलावून घेतलं. त्याने समास वाचून घेतला, चष्मा पुसला, पुन्हा ऐकला.

"पण आंटी, फलक तर कोरून झालाय," तो म्हणाला. "आणि नाव दोघांचं सेमच आहे. इनास मच्याडो. काही बदलायलाच नको. कशाला उगाच सगळ्यांसमोर..."

"त्या नावाखाली काय कोरलंयस?"

क्लेमेंट हळूच म्हणाला, "घोडदळातील सवार. परत आले."

"माझा आजा परत आला नाही, रिचर्ड. माझ्या आजीने पंचेचाळीस वर्षं रस्त्याकडे बघितलं. तू दगडात लिहितोस, परत आले? खोड ते. आणि तो सवार नव्हता, सईस होता. सईसच लिही. घोड्याला पाणी कोण पाजतं, सवार?"

रिचर्डचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त एक शूर आजोबा हवे होते. तो घरी गेला, भिंतीवरची चौकट काढून घेऊन आला आणि एस्थरच्या हातात दिली. "हे तुमच्या घरचं आहे," एवढंच तो म्हणाला. फलकाचा तो भाग घासून नव्याने कोरायला लागला, म्हणून कार्यक्रम दोन आठवडे पुढे गेला. काही लोकांनी त्यावरून नाकं मुरडली. मुरडू देत.

एस्थरला मात्र दगडाचं फारसं पडलं नव्हतं. तिने फादरना मृतांची वही काढायला लावली. ती माझी धाकटी बहीण, माझ्याच खालच्या कप्प्यात असते. १९६२ सालची नोंद निघाली: 'रोजा मच्याडो, वय ६८, नवऱ्याने टाकलेली.' नवऱ्याने टाकलेली! मेलेल्या बाईच्या नावापुढेसुद्धा लोकांना ते लिहायचं सुचलं. कचेरीत शाईचं पेन नव्हतं. क्लेमेंट धावत जाऊन घेऊन आला. फादर निकोलसनी समासात तारीख घातली, सही केली आणि वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला: 'विधवा.'

शाई वाळेपर्यंत एस्थरने पान मिटू दिलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वह्या तुमच्याही गावात असतील, चर्चमध्ये, देवळात, शाळेत, ग्रामपंचायतीत. त्यांना कसर लागू देऊ नका, त्यांच्यावर कप ठेवू नका, चिकटपट्ट्या लावू नका. पण तेवढ्याने माझा राग जाणार नाही. मला नुसतं जपून काय उपयोग? मला वाचा. आपल्या आजोबांची ओळ सापडली म्हणून पान मिटू नका, शेजारच्या आजोबांचीही वाचा. त्या पत्रानंतर रोजा चव्वेचाळीस वर्षं जगली. दर रविवारी मिस्सा संपल्यावर ती या कचेरीच्या दारावरून घरी जायची. मला तिच्या पावलांचा आवाज यायचा.

एकदाही कुणी तिला आत बोलावलं नाही.