खलबत्त्यातलं लोखंड

मी कोळसा बोलतोय. शेगडीतला नव्हे, लखनौच्या एका प्रयोगशाळेतल्या बाटलीतला. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ म्हणून तुम्ही मला हिणवता ना? मला एका मुलीनं धुऊन धुऊन पाहिलंय. काळा तो काळाच राहिलो, पण निर्मळ झालो. त्याचंच दुःख सांगायचंय.

मी मूळचा विकास नगरातल्या नीलाताईंच्या स्वयंपाकघरातला. त्या चिपळूणच्या. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी इकडे आल्या, तरी आमटीत ओलं खोबरं हवंच. आलमबागेच्या बाजारातून नारळ यायचे आणि करवंट्या गोणीत जमायच्या. त्यांची लेक स्वप्ना त्या करवंट्या जाळून, माझी पूड करून वीज साठवणाऱ्या पट्ट्या बनवायची. तीच तिची पीएचडी. माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात, तिथं वीज मुक्कामाला राहते.

एकदा प्रयोगशाळेतलं दळायचं यंत्र बिघडलं, म्हणून स्वप्नानं माझा डबा घरी आणून ठेवला. नीलाताईंना वाटलं, पोरीचं काम हलकं करावं. त्यांनी माहेरचा लोखंडी खलबत्ता काढला आणि दुपारभर मला कुटलं, वस्त्रगाळ केलं. आजारी होत्या, तरी थांबल्या नाहीत.

“बघ, मिक्सरला याची सर येणार नाही,” त्या लेकीला म्हणाल्या.

खलबत्ता पाहून स्वप्नाचा चेहरा पडला. लोखंडाचं आणि माझं वाकडं. त्याचा कण आत राहिला, की साठवलेली वीज आपोआप गळून जाते. पण माझ्या पुडीनं काळे झालेले आईचे हात पाहून ती एवढंच म्हणाली, “अच्छा केलंस, आई.”

व्हायचं तेच झालं. भट्टीत तापवून, पट्टीला लेपून तिनं माझ्यात सकाळी वीज भरली. दुपारी मी रिकामा.

तोवर नीलाताईंनी अंथरूण धरलं होतं. “स्वप्ना, माझा कोळसा चालला का गं?”

“हाँ आई, चालला. एकदम बढ़िया.”

त्या समाधानानं हसल्या. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर स्वप्ना कामावर आली. तिचे पीएचडीचे मार्गदर्शक सर मायेनंच म्हणाले, “बेटा, बाज़ार का कार्बन ले लो. थीसिस रुक जाएगी.”

“नहीं सर. यही चलना चाहिए.”

आईला सांगितलेलं खोटं तिला खरं करायचं होतं.

बाटलीत उरलेल्या मला तिनं आम्लात उकळलं. पाणी पिवळं झालं. तो पिवळा रंग खलबत्त्याच्या लोखंडाचा. ते पाणी ओतून टाकताना तिचा हात अडायचा. मलाही नको वाटायचं. त्या माउलीनं घातलेला एकेक घाव माझ्यातून निघून चालला होता. पुन्हा आम्ल, पुन्हा पिवळं पाणी. अखेर ते नितळ आलं. मग तिनं शुद्ध पाण्यानं आम्लही धुऊन काढलं.

काल तिनं नवी पट्टी विजेनं भरून ठेवली. आज तिला इवलासा दिवा जोडला, आणि तो लागला. सर टाळ्या वाजवत होते. स्वप्ना मात्र तोंडावर ओढणी धरून रडत होती.

“आई, आत्ता चालला गं तुझा कोळसा.”

ऐकायला त्या कुठं होत्या!

पोरी, आता मी वीज धरून ठेवीन. पण तुझ्या आईच्या हातचं माझ्यात काही उरलं नाही. एवढंच कर, घरचा तो खलबत्ता घासू नकोस. त्याच्या तळाशी माझी काळी पूड अजून असेल. तेवढी राहू दे.