नाव आम्लाचं, आग माझीही

मी पित्तरस बोलतोय. रंग हिरवट पिवळा, चव कडू आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जळका.

जन्म यकृतातला, मुक्काम पित्ताशयात, नोकरी लहान आतड्यात. जेवणातली चरबी बारीक फोडून द्यायची. वरच्या मजल्यावर, जठरात, आम्ल राहतं. त्याचा थाट काय सांगावा! आमच्या मालकाला नुसती ढेकर आली तरी लोक 'ॲसिडिटी' म्हणून त्याचंच नाव घेणार. मी खाली मरमर राबलो, पण माझी विचारपूस कुणी केली नाही.

मालक शिंपी. एकाच खोलीत संसार आणि दुकान. जेवण झालं, ताटं उचलली, की त्याच फरशीवर कापड पसरायचं आणि भरल्या पोटी ओणवा होऊन कापायला बसायचं. जठराचं खालचं दार ढिलं होतंच, तिथून मी आत शिरलो. वरचंही सैल निघालं. मग आम्लाच्या जोडीने मी अन्ननलिका गाठली आणि दोघांनी मिळून तिथलं नाजूक अस्तर सोलून काढलं.

औषधांच्या दुकानातून गोळ्या आल्या, त्याही आम्लासाठीच. ते मवाळ झालं. आग थांबली नाही, कारण मी होतो.

मालक दोन घासांवर उठू लागला. नवी बायको मुकाट्याने ताट उचलायची. एक दिवस मात्र म्हणाली, "आईंच्या हातचं सगळं संपवायचात म्हणे."

"भूक नाही गं."

"भूक नाही की चव नाही? स्पष्ट सांगा, म्हणजे मी माहेरी जाऊन शिकून येते."

तो छातीवर हात ठेवून पुटपुटला, "गिळताना जळतं. तुला वाटेल, तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय, म्हणून बोललो नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्याची नळी आत घालून पडद्यावर पाहिलं. "नुसतं आम्ल नाही, पित्तरसही वर येतोय."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं. मी पडद्यावर चमकत होतो. पण ती बघत होती नवऱ्याकडे.

"म्हणजे माझ्या जेवणाने नाही?"

"नाही हो. गोळ्या बदलून देते. थोडं थोडं खायचं, आणि जेवल्यावर लगेच ओणवं व्हायचं नाही."

आता जेवण झालं की दोघं भिंतीला टेकून ताठ बसतात. ती माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला करते, तो हसतो. मी खाली, आपल्या आतड्यात. पूर्वी आम्लावर जळायचो, आता तिच्यावर जळतो.

तुमच्याही छातीत जळत असेल, तर घरच्यांपासून लपवू नका. दाखवून घ्या. माझं नाव नाही घेतलंत तरी चालेल.

चालणार नाही, पण चालवून घेईन.