चिठ्ठीविना आणलेली ट्यूब

सुनेचं डोहाळजेवण रविवारी, आणि मंगळवारीच तासगावच्या शालूबाईंनी मेडिकलातून चेहरा उजळायची ट्यूब आणून सृष्टीच्या हातात ठेवली. डॉक्टरची चिठ्ठी दुकानदारानं मागितली नाही, यांनी दाखवली नाही. आमच्याकडं हे औषध दंतमंजनासारखं विकतात.

"सातव्या महिन्यात गालावर लय वांग पसरलाय. फोटूत कसं दिसंल? रोज लाव."

"आत्याबाई, सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ह्याच ट्यूबचं नाव घिऊन बजावलंय. हिच्यात स्टेरॉइड हाय, अन् हिच्यातली बाकीची औषधं पोटुशीनं लावायचीच न्हाईत. बाळंतपणानंतर डाग बऱ्याचदा फिके पडत्यात म्हणाल्या."

"मी बारा वर्सं लावतीया. मला काय झालं?"

काय झालं ते साऱ्या गल्लीला दिसत होतं. गालाची कातडी पातळ पडलेली, तांबड्या शिरा वर आलेल्या, चुलीपुढं गेलं की तोंडाची नुसती आग. तेच ही बाई सुनेला देत होती, आणि तेही मायेनं! मला चीड येते ती या मायेची.

सृष्टीचा नवरा शिवतेज मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "लाव की चार दिवस. आईचं मन राख."

"मन राखायला माझं बाळ न्हाई," सृष्टी म्हणाली.

रविवारी ती फुलांचे दागिने घालून, डागांसकट पाटावर बसली. ओटी भरताना शालूबाईंची बहीण आक्काताई बोललीच, "आईच्या तोंडावर एवढे डाग, पोर काळं निपजलं म्हंजे?"

"निपजू दे, मावशी. काळं वाढवीन. पण ती ट्यूब मी लावणार न्हाई, लेक झाली तर तिलाबी लावू देणार न्हाई. आत्याबाई, गुरुवारी तुमीबी सांगलीला चला. तुमचं तोंड दाखवू."

"चारचौघीत माझी अब्रू काढलीस," म्हणत शालूबाई तरातरा आत गेल्या.

मग शेजारची माया, हातातला नारळ तसाच धरून, हळूच म्हणाली, "माझी प्रणाली चौदाची हाय. दोन वर्सं लावतीया. मीच आणून देती."

सृष्टीनं तिला जवळ बसवलं. "तिला घिऊन या. अन् आपल्या मनानं काय करू नका, डॉक्टरीणबाई सांगतील तसं करा; ट्यूब संगं आणा."

गुरुवारी शिवतेजनं मुकाट्यानं गाडी काढली. शालूबाई आल्या नाहीत. प्रणाली आली, तोंडाला ओढणी गुंडाळून.

वाचकहो, तुमच्या घरात ही ट्यूब कुणी कुणाला आणून दिली, तेवढं आज विचारा.