मे न्वेची लाकडी घंटा

वनमंत्रालयानं पेगूच्या डोंगरातली सागाची तोड बंद केली, तेव्हा आमच्या छावणीतले अर्धे माहूत घरी गेले. मे न्वे या हत्तिणीला लहानपणापासून सांभाळणारा को थाउंगही गेला. ती माझ्याकडे आली. आता आम्ही जंगलखात्याची गस्त घालतो.

रात्री हत्ती चरायला सोडायचे, सकाळी गळ्यातल्या लाकडी घंटेवरून शोधायचे. मागच्याच महिन्यात शेजारच्या छावणीची हत्तीण सापडली, पण मेलेली, कातडं विकायला काढून नेलेलं. तेव्हापासून सकाळी घंटा ऐकू येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

त्या दिवशी घंटा पूर्वेच्या घळीतून वाजली. टक. टक. टक.

"जा, बाईसाहेब बांबू खातायत," आमचे म्होरके ऊ बा न्यूं म्हणाले.

"काका, खाणाऱ्या हत्तीची घंटा अशी एकसारखी वाजते का? ही कुणीतरी हातानं हलवतंय."

"एका वर्षात लई शहाणा झालास रे!" पण ते कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. "मी घंटेकडे जातो. तू साखळीचा माग काढ. पळ!"

तिच्या पायातली साखळी घासत गेल्याचा माग उलट्या बाजूला, ओढ्याकडे गेला होता. मे न्वे तिथंच उभी होती. गळा मोकळा. पुढ्यात को थाउंग, हातात तिच्या आवडीचा चिंचेचा गोळा. परक्याला तिनं घंटेचा दोर कापूच दिला नसता. बाजूला एक बंदूकवाला.

"सान लिन, परत जा," को थाउंग म्हणाला. "तू काही बघितलं नाहीस."

"दादा, हिला तूच वाढवलंस ना?"

"तुला पगार मिळतो. तुला बोलायला काय जातंय!" तिच्याकडे न बघताच त्यानं हुकूम सोडला, "म्हित!" म्हणजे बस.

"ता! ता!" मी ओरडलो. ऊठ, ऊठ. पण माझं कोण ऐकतंय! ती गुडघ्यांवर बसली. डोकं बरोबर बंदुकीसमोर.

पण बसलेल्या हत्तीवर चढता येतं. मी धावलो, तिच्या पुढच्या पायावर पाय देऊन मानेवर गेलो आणि कानांमागे दोन्ही पाय गच्च दाबले. हाक कुणाचीही असो, मानेवरच्या पायांपुढे हत्ती ती ऐकत नाही. ती उठली.

"उतर, नाहीतर तुझ्यासकट!" बंदूकवाला ओरडला.

को थाउंगनं बंदुकीची नळी धरून खाली दाबली. "माणूस मारायचं ठरलं नव्हतं!"

मी टाच मारली. मागं गोळी सुटली. कुणाला लागली, वळून बघायची हिंमत झाली नाही. मे न्वे पळत होती, तेवढंच मला कळत होतं.