फणसाचं बूच

जुनी गाडी घेणाऱ्याला इंजिनाबरोबर आदल्या मालकाचा स्वभावही मिळतो. आरटीओत मात्र फक्त इंजिनाचा नंबर चढतो.

हरिश्चंद्र आबांनी मला फियाट विकताना एकच अट घातली. इंजिन नीट चालू लागलं की पहिली फेरी त्यांना घेऊन शिरोड्याला, त्यांच्या बहिणीकडे. आबा मालवणात होड्या बांधायचे. त्यांच्या होडीत पाणी शिरलं, तर लोक आधी समुद्रावर संशय घेत. त्यांची गाडी मात्र लांबच्या वाटेवर टिकायची नाही. शिरोड्याला निघालं की परुळ्याच्या घाटीत उकळायची आणि आबा माघारी फिरायचे.

"कंपनीचो दोष," आबा सांगत. एसटीने जा म्हटलं, तर विचारत, "घरात गाडी असताना?"

बहीण हौसाबाई, तिचं मत सरळ होतं. भावाला यायचंच नाही. गेल्या भाऊबीजेपासून तिने आबांचा फोन उचलणं सोडलं होतं.

घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपटात, मी इंजिन उघडलं. या इंजिनाच्या अंगाला पत्र्याची गोल बुचं असतात. त्यांच्या आत इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं. मी पान्याने एकेक वाजवून पाहिलं. सगळी टणटण बोलली, एक 'ठक्क' म्हणालं. रंग खरवडला, तर खाली लाकूड.

"फणसाचं आहे," मी बायकोला म्हणालो.

"पिकलाय का बघा," शर्मिला म्हणाली आणि आत गेली.

लाकडाभोवती राळेत भिजवलेला कापूस ठासला होता. काम इतकं सुबक, की काढायला हात धजेना. मग पाणी गळून इंजिन उकळत का होतं? राळ तापून पातळ होते, हे एक कारण झालं. पण कापूस सगळा बाहेरच्या बाजूला ढकलला गेला होता, हे कोडं सुटेना. बूच हातात फिरवत मी उलट्या टोपलीवर बसून राहिलो, आणि चहा निवल्यावर उजेड पडला. होडीची फट बाहेरून बुजवतात. बाहेरचं पाणीच ती दाबून धरतं. इथे पाणी आत होतं. आबांनी समुद्र गृहीत धरला होता.

संध्याकाळी आबा आले. बूच पाहून म्हणाले, "काम बरां आसा."

"तुमीच केलास मा?"

"पत्र्याचां कुजलां. बाजारात गावलां नाय. मगे मिया बसवलंय."

"आबा, होडयेत पाणी भायरसून भितर येता. हंय भितरसून भायर."

आबांनी भोकात बोट घातलं. आतून चाचपलं, बाहेरून चाचपलं.

"म्हणजे कंपनीचो दोष नाय."

"नाय."

"खंय बोला नको," आबा म्हणाले.

मी नवं बूच बसवलं, इंजिन बांधलं. बांधताना जुनं बूच शोधलं, पण ते मांगरात कुठेच नव्हतं.

शिरोड्याला निघालो तेव्हा आबांनी पायांत पाण्याचे दोन कॅन ठेवले होते. परुळ्याची घाटी आम्ही चढलो. उष्णतेचा काटा हलला नाही. "थांब थोडो," आबा तरी म्हणाले. सवयीने.

हौसाबाई दारातच उभी होती. ये म्हणाली नाही.

"इतकी वर्सां गाडी बिघडलेलीच होती मा रे तुझी?"

मी कंपनीचं नाव ऐकायच्या तयारीत होतो. आबांनी खिशातून बूच काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

तिने ते नाकाशी नेलं. होडीवाल्याचीच मुलगी, बापाच्या अंगणात राळेच्या वासात वाढलेली.

"राळ? गाडयेक?"

"होय."

"भायरसून ठोकलंस?"

"होय."

हौसाबाईने डोळे मिटले. बाप वर ऐकत असेल, अशी भीती तिला वाटली असावी.

"खंयपर्यंत येय होतंस?"

"परुळ्यापर्यंत. दर भाऊबीजेक. एकदा फुडे म्हापणाक पोचलंय."

तिने बूच मुठीत धरलं. मग बाजूला सरली. "भितर ये. तुमीय येवा हो."

आत जाताना आबांनी बुचासाठी हात पुढे केला. तिने ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

"ह्यां हंयच रवांदे," ती म्हणाली. "आता गाडी बिघडली म्हणूक तुझ्याकडे काय नाय."